आमचा मारिओ हळू का पळायचा?

(भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसंच्या तसं.)

मागे जो आवाज येतोय तो लोणावळ्याच्या पावसाचा आहे. खिडकी लावून बसलोय, यापेक्षा जास्त काही करता येणार नाही.

आजच्या भागात किल्ला नाही, लढाई नाही. आज एका लाल-पांढऱ्या डब्याचा इतिहास. आणि त्यातून मला स्वतःबद्दल कळलेली एक जरा लाजिरवाणी गोष्ट.

सुरुवात एका तारखेपासून. २५ जून १९८३. लॉर्ड्सवर कपिल देवच्या टीमने वर्ल्ड कप उचलला. त्यानंतर बरोबर वीस दिवसांनी, १५ जुलैला, जपानमध्ये निन्टेंडोने 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचं यंत्र विकायला काढलं. किंमत १४,८०० येन. ते बनवणाऱ्या टीमचे प्रमुख मासायुकी उएमुरा. जपानी लोकांनी नाव छोटं केलं, फॅमिकॉम. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेत तेच यंत्र वेगळ्या खोक्यात, एनईएस या नावाने गेलं.

आता थेट माझ्या घरी येऊ. माझा आतेभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, नोकरीसाठी ओसाकाला असतो. गेल्या दिवाळीत तो वडगाव मावळला घरी आला, तेव्हा बॅगेतून एक जुना फॅमिकॉम काढला. सेकंडहँड दुकानात मिळालेला, कडेने पिवळा पडलेला. म्हणाला, "घे इंजिनिअर, चालू करून दाखव."

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. तीन आठवडे लागले.

पहिली अडचण: वीज

जपानमध्ये घरात १०० व्होल्ट येतात, आपल्याकडे २३०. दादाने प्रवासातला पिन बदलणारा प्लग लावला आणि अॅडॉप्टर खोचला. पिन बदलली, व्होल्टेज थोडंच बदलतं? दोन मिनिटांत जळका वास आला. नशीब, पुढे फॅमिकॉम जोडलेला नव्हता. आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "काय जाळलंत रे?" आम्ही दोघंही गप्प.

जपानच्या विजेत अजून एक गंमत आहे. १८९० च्या दशकात टोकियोने जर्मनीच्या एईजी कंपनीकडून जनरेटर घेतले, ५० हर्ट्झचे. ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घेतले, ६० हर्ट्झचे. तो देश आजही विजेच्या बाबतीत दोन भागांत वाटलेला आहे. एकदा यंत्र विकत घेतलं की पुढच्या पिढ्या त्याच आकड्यावर जगतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

उपाय सोपा निघाला. फॅमिकॉमला आत फक्त १० व्होल्ट डीसी लागतात, ८५० मिलिअँपिअर. त्यातूनही आतला रेग्युलेटर ५ व्होल्टच पुढे देतो. अट एकच, प्लगच्या मधल्या टोकाला निगेटिव्ह हवं, आणि बाजारातल्या बहुतेक अॅडॉप्टरना तिथे पॉझिटिव्ह असतं. उलटं कुठे मिळतं? गिटारवाल्यांकडे! गिटारच्या इफेक्ट पेडलचे ९ व्होल्टचे अॅडॉप्टर नेमके असेच असतात. मित्राकडून एक अँपिअरचा आणला. लावला. काही जळलं नाही. आत्याने सुटकेचा श्वास टाकला.

दुसरी अडचण: चित्र

जुन्या फॅमिकॉममध्ये पिवळी-पांढरी एव्ही वायर नसते. तो चित्र अँटेनाच्या वायरने टीव्हीत पाठवतो, तेही जपानच्या चॅनल १ किंवा २ वर. चॅनल १ म्हणजे ९१.२५ मेगाहर्ट्झ. आकडा ओळखीचा वाटला? पुण्यात ९१.१ वर रेडिओ सिटी लागतं! जपानने जी जागा टीव्हीला दिली, ती आपण एफएमला दिली. आपल्या टीव्हीचे जुने चॅनल एक तर ६८ च्या खाली किंवा १७४ च्या वर. म्हणजे फॅमिकॉम जिथे बोलतो, तिथे आपला जुना टीव्ही ऐकतच नाही.

मग बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. एक ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर, कपॅसिटर. फॅमिकॉमच्या चित्र काढणाऱ्या चिपची २१ नंबरची पिन व्हिडिओ बाहेर देते, तिथून सिग्नल घेऊन एव्ही वायर काढली. आजोबांच्या जुन्या टीव्हीला लावली. चित्र आलं! पण काळं-पांढरं, आणि पाटा फिरावा तसं वर सरकत जाणारं.

कारण टीव्हीची भाषा वेगळी. भारतात १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा: ६२५ ओळी, सेकंदाला पडदा ५० वेळा रंगवायचा. जपानची पद्धत एनटीएससी: ५२५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. रंगाचा सिग्नलही दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर. शेवटी आत्याचा जरा नवा, दोन्ही पद्धती समजणारा टीव्ही खाली काढला आणि रंग आले. कॅसेट अडखळत होती, पण यावेळी फुंकर मारली नाही. फुंकरेतला ओलावा पिनांना गंज चढवतो, आणि लोणावळ्याच्या हवेत ओलावा आधीच भरपूर! आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातला बड. झालं. पडद्यावर सुपर मारिओ.

तिसरी अडचण: मी

पहिल्याच खड्ड्यात पडलो. परत खेळलो, परत पडलो. दादानेही तेच केलं. मंडळी, मी लहानपणी आमच्या आळीचा चॅम्पियन होतो हो! लोडशेडिंगच्या दिवसांत लाईट यायची आणि जायची यांच्या मधल्या वेळात मी पूर्ण मारिओ संपवायचो, कारण सेव्ह करायची सोय नव्हती. आणि आता पहिला खड्डा?

दादा म्हणाला, "हा फास्ट आहे रे."

मी हसलो. मग माळ्यावरून आमचा लहानपणीचा 'टीव्ही गेम' काढला. तोच, '९९९९ इन १'वाला. तो अजून चालतो! दोन्हींवर मारिओ लावला, उभा ठेवला आणि मोबाईलचं स्टॉपवॉच धरलं. वरचा टायमर ४०० वरून ३०० वर यायला फॅमिकॉमवर साधारण ४० सेकंद लागले. आमच्या डब्यावर ४८.

म्हणजे आमचा मारिओ खरंच हळू पळायचा. सहा पावलांच्या वेळात पाच.

कारण असं. हे गेम घड्याळ बघत नाहीत. पडदा एकदा रंगवून झाला की मारिओ एक पाऊल पुढे. जपानी टीव्हीवर सेकंदाला ६० पावलं, आपल्या टीव्हीवर ५०. भारताने निवडलेल्या टीव्हीच्या आकड्याने माझ्या बोटांना उडी कधी मारायची ते शिकवलं होतं. मगाचं वाक्य आठवलं?

मग हे काम आधी कुणी केलं?

इथून माझं डोकं फिरलं. मी तीन आठवडे जे करत होतो, जपानी गेम पाल टीव्हीवर चालवणं, ते आमच्या त्या स्वस्त डब्यात आधीच झालेलं होतं. तेही नीट. कुणी केलं?

तैवानमध्ये. यूएमसी नावाच्या चिप कंपनीने फॅमिकॉमच्या चिपची नक्कल बनवली, आणि पाल टीव्हीसाठी वेगळी आवृत्ती काढली: यूए ६५२७ पी आणि यूए ६५३८. नुसती नक्कल असती तर गेम बिघडले असते. फॅमिकॉम एका फेरीत २६२ ओळी मोजतो, पालला ३१२ लागतात. निन्टेंडोने युरोपसाठी यंत्र बनवलं तेव्हा आतला हिशोबच बदलला, त्यामुळे काही जपानी गेम त्यावर धड चालत नसत. तैवानच्या इंजिनिअरांनी हिशोब तोच ठेवला. फक्त प्रत्येक फेरीत चित्र संपल्यावर ५० ओळी नुसतं थांबायचं, आणि मग गेमला सांगायचं, "चल, पुढचं पाऊल." गेमला पत्ताच नाही की आपण परदेशात आहोत! संगीताचे सूरही जवळजवळ तेच राहिले, फक्त लय संथ झाली.

आपल्या घाटातली रेल्वे आठवा. १९३० च्या आसपासपासून कितीतरी दशकं इथे १५०० व्होल्ट डीसी होतं, आता २५,००० व्होल्ट एसी आहे. मुंबई विभागात मधल्या काळात दोन्ही करंटवर धावणारी डब्ल्यूसीएएम इंजिनं होती. बदल होतोय हे डब्यातल्या प्रवाशाला कळतही नसे. आमचा टीव्ही गेम तसाच होता.

आमच्या डब्यात तीच चिप आहे का? उघडून पाहिलं तर आत काळ्या राळेचा एक ठिपका. ना नाव, ना नंबर. पण स्टॉपवॉच सांगतं की वागणूक तीच आहे. कॅसेटची खाच मोजली: ६० पिना, जपानी मापाची. अमेरिकेच्या कॅसेटला ७२ असतात. दादाने आणलेली जपानी कॅसेट आमच्या डब्यात खटकन बसली आणि चालू झाली. आणि आपण सगळे ज्याला 'टँक' म्हणायचो तो गेम? त्याचं नाव बॅटल सिटी, नाम्को कंपनी, १९८५. अमेरिकेतल्या एनईएसवर तो अधिकृतपणे आलाच नाही. आणि वडगावात आम्ही तो शाळेचे बूट न काढता खेळायचो.

आता, ही चोरी होती का? होती. मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे हे हसण्यावारी नेणार नाही. ज्यांनी मारिओ आणि टँक बनवले त्यांना आमच्या घरातून एक रुपयाही गेला नाही. वर अशा कितीतरी कॅसेटवर गेमच्या सुरुवातीचं कंपनीचं नावही पुसलेलं असायचं. हा जपानी माणसांचा खेळ आहे हे मला कॉलेजमध्ये कळलं. आणि ज्यांनी त्या ५० ओळींची युक्ती काढली, त्यांची नावंही कुठे नाहीत. एकाचं नाव पुसलं, दुसऱ्याने लिहिलंच नाही. पण त्या दोघांमुळे मावळातल्या एका पोराच्या हातात पहिल्यांदा कॉम्प्युटर आला. माझी बीटेकची फी बाबांनी भरली, पण ओढ तिथून लागली.

दादा ओसाकाला परत गेला. जाण्याच्या आदल्या रात्री आम्ही पुन्हा बसलो. फॅमिकॉमवर मी आता तिसऱ्या लेव्हलपर्यंत पोचतो. मग त्याने स्वतःहून वायर काढली आणि जुन्या डब्याला लावली. पहिला खड्डा आला, आणि बोटांनी न विचारता उडी मारली.

तर मंडळी, तुमच्या माळ्यावर असा डबा असेल तर टाकू नका. ४०० ते ३०० मोजा, किती सेकंद येतात ते मला नक्की कळवा. आणि परदेशातून यंत्र आलं तर आधी अॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा.

भेटू पुढच्या भागात. तोवर पाऊस थांबला असेल. नसेलही.