पत्र्याखालचा उन्हाळा

युरोपात उन्हानं माणसं मरतात, हे आपल्याकडे कुणाला खरं वाटत नाही. "चाळीस डिग्रीचं काय कौतुक? आमच्या चंद्रपूरला या," म्हणून आपण मोकळे होतो. पण ऑगस्ट २००३ च्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं गेली. बहुतेक म्हातारी, बरीचशी एकटी राहणारी. पॅरिसमध्ये जास्त धोका होता तो जस्ताच्या पत्र्याखाली, अगदी वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना.

पत्रा म्हटलं की आम्हा देहूरोडकरांना वेगळं सांगावं लागत नाही.

गंमत अशी, की गोऱ्या साहेबाला उन्हाशी कसं वागायचं ते माहीत होतं. ते तो इथेच शिकला. कंपनीच्या काळात इथल्या गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ जण मरत. लढाईत कमी, ताप, कॉलरा, हगवणीनं जास्त. १८६३ साली रॉयल कमिशनचा अहवाल आला. त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची मोठी मेहनत होती. पुढे बराकी सुधारल्या: उंच छत, खेळती हवा, रुंद व्हरांडा. साहेबाच्या बंगल्यात तर दारांना वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी मारायला एक माणूस, दोरीनं पंखा ओढायला दुसरा. एवढ्यानं भागलं नाही, तर मुंबई सरकारच उन्हाळ्यात महाबळेश्वर गाठायचं.

पंखा ओढणारा मात्र बाहेर व्हरांड्यात.

म्हणजे अक्कल होती, पैसाही होता. प्रश्न एवढाच, की गारवा कुणाच्या वाट्याला. आमचं गाव लष्करी डेपोंभोवती वाढलं. आजही लष्करी भागात झाडांची सावली आहे आणि वस्त्यांत पत्रे. बातमीसाठी दुपारी दोनला वस्तीत गेलो, की बायका भिंतीच्या सावलीला बाहेर बसलेल्या दिसतात. आत पंखा गरम हवाच फिरवतो.

१६ एप्रिल २०२३ चं खारघर आठवा. सरकारी पुरस्काराचा सोहळा, लाखोंची गर्दी, उष्माघातानं १४ बळी. मंचावर छत होतं, मैदानावर नव्हतं. पंखा ओढणारा अजून बाहेरच आहे!

फ्रान्सनं २००४ पासून उष्णतेसाठी योजना आखली. नगरपालिका एकट्या वृद्धांची यादी ठेवतात, लाटेत त्यांची विचारपूस करतात. अहमदाबादनं २०१० च्या लाटेत माणसं गमावली आणि २०१३ मध्ये आराखडा केला: लोकांना नि दवाखान्यांना आधीच इशारा, पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग.

यात न परवडणारं काय आहे? मार्चआधी पत्र्यांवर चुना, बाजारात नि स्टेशनबाहेर पाणी आणि सावली, वॉर्डावॉर्डात एकट्या म्हाताऱ्यांची यादी. हे आपण मागायला हवं, आणि पावसाळ्यातच मागायला हवं. एप्रिलमध्ये मागितलं, तर उत्तर यायला जून उजाडतो.