पिवळ्या दिव्याची उलटतपासणी

डिझेल मोटारीत इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर ‘पी २४५३’ उमटते आणि ‘फिल्टर गेला’ असा निकाल ऐकवला जातो. हा निकाल मालकाला फार महाग पडतो. वास्तविक या संकेतांकाचा संशय फिल्टरवर नसून त्याचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर आहे. काजळी साचल्याची तक्रार ‘पी २४६३’ करतो.

या संकेतांकांचे मूळ कॅलिफोर्नियात आहे. १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा संबंध मोटारींच्या धुराशी जोडून दाखवला. पुढे धुरावर मर्यादा आल्या. पण कारखान्यातून स्वच्छ निघालेली गाडी काही वर्षांनी कशी वागते, हे रोज पाहणार कोण? ते काम गाडीवरच सोपवण्यात आले. १९८८ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात आणि १९९६ पासून अधिक विस्तृत रूपात साऱ्या अमेरिकेत मोटारीने आपले दोष स्वतः नोंदवणे बंधनकारक झाले. सोळा पिनांचे सॉकेट ही त्याच नियमाची देणगी. म्हणून ही नोंद वाचताना बखर वाचतानाची सावधगिरी हवी : काहीतरी घडले हे खरे, कारण मात्र पडताळून घ्यावे.

काजळी अडवणारा फिल्टर २००० मध्ये प्यूजो ६०७ मधून युरोपच्या रस्त्यांवर आला. भारतात १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ लागू झाले, डिझेल मोटारींची कणमर्यादा प्रतिकिलोमीटर २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली आणि फिल्टर आपल्याकडेही रुळला. साचलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते. संगणकाला फिल्टरच्या आत डोकावता येत नाही. अलीकडच्या व पलीकडच्या दाबातील फरकावरून तो अंदाज बांधतो. सेन्सरने उगाच ‘भरला’ म्हटले, तर पुनःपुन्हा जाळणी होऊन डिझेल वाया जाते व इंजिन ऑइलमध्ये उतरते. ‘रिकामा’ म्हटले, तर फिल्टर खरोखरच तुंबतो.

उलटतपासणी सोपी आहे. चावी फिरवावी, इंजिन सुरू करू नये. धूर वाहत नसताना स्कॅनरवरील फरक शून्याजवळच हवा. तेथे ठळक आकडा दिसला, तर फिल्टरला दोष देता येत नाही. मग इंजिन सुरू करून रेस द्यावी. आकडा चढून पुन्हा उतरला पाहिजे. तो हललाच नाही, तर सेन्सरकडे जाणाऱ्या दोन नळ्या पाहाव्यात (गाडी थंड झाल्यावर!). रबर चिरलेले असते, कधी आत काजळीचा बोळा बसलेला असतो. नळ्या धड असल्या, तर वायरिंग आणि कनेक्टर. सेन्सरवर संशय यानंतरच घ्यावा, फिल्टरवर त्याहून उशिरा.

सेन्सर बदललाच, तर अनेक गाड्यांत जुन्या सेन्सरसाठी साठवलेली शून्याची दुरुस्ती स्कॅनरने पुसावी लागते. अन्यथा नव्याचे आकडेही जुन्याच चुकीने वाचले जातात.