जुहूच्या चिखलातून उडालेलं विमान



पावसाळ्यात काळ्या मातीच्या वावरातून भरलेली बंडी काढताना गाडीवान मधे थांबत नाही. थांबला की चाक रुतलंच. छोटं विमान उडवणाऱ्यालाही हीच अक्कल लागते.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. विमान 'पस मॉथ', एका इंजिनाचं. वाट सांगायला रेडिओ नव्हता. जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलाची सपाट जागा.

विमान पंखांवर तरतं, आणि पंखांवरून हवा जोरात वाहावी लागते. म्हणून वैमानिक आधी वारा पाहतो, आपण धान्य उपणताना पाहतो तसाच, आणि वाऱ्याकडे तोंड करून धावतो. मऊ जमिनीत चाकं ओढली जातात, वेग धरत नाही. तेव्हा दांडा पोटाशी ओढून ठेवायचा, म्हणजे पंख लवकर भार घेतात आणि चाकं हलकी होतात. इंजिन पूर्ण जोरात, थांबणं नाही. चाकं सुटली की मात्र लगेच चढायचं नाही! नवखे इथंच फसतात. वेग अपुरा असताना नाक वर केलं तर विमान खाली आदळतं. जमिनीलगत हवेचा आधार जास्त मिळतो. तिथंच सरळ जात वेग घ्यायचा, मग चढायचं.

पण पावसाळ्यात ती जागाच पाण्याखाली जाई. तिथं कसब काय करणार? मग दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवलं. पुणे उंचावर, हवा विरळ, म्हणून धाव लांब लागते. तापलेली हवाही विरळच. आपल्या वर्ध्याच्या मे महिन्यात हेच विमान आणखी लांब धावेल.

त्याच तुरुंगात १९३२-३३ मध्ये गांधीजी होते. आपल्या ओळखीच्या पेटी चरख्याला 'येरवडा चक्र' म्हणतात ते याच तुरुंगावरून. सप्टेंबर १९३३ मध्ये ते वर्ध्याला आले.

आणि बायकांचं काय, असं कुणी विचारेलच. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल यांनी 'जिप्सी मॉथ' एकटीनं उडवलं. वय २१, घरी चार वर्षांची लेक, अंगावर साडी. दांडा पोटाशी ओढायचा म्हणजे निऱ्या सांभाळूनच!