उष्णतेला वाट हवी : चेतकच्या पंख्यापासून लॅपटॉपच्या कूलिंग पॅडपर्यंत

उन्हाळा सुरू झाला की शाळेतले लॅपटॉप तापू लागतात. खालचा भाग हाताला चटका देतो, आतला पंखा घरघरतो, काम मंदावते आणि एखादे यंत्र मध्येच बंद पडते. मग कोणीतरी कूलिंग पॅड घ्यायचे सुचवते. दुकानात एका पंख्याचे, पाच पंख्यांचे, निळ्या दिव्यांचे असे अनेक प्रकार असतात. त्यांतले कोणते घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या इतिहासात चांगले सापडते. तापणाऱ्या यंत्रातून उष्णता बाहेर कशी काढायची, हा प्रश्न या पट्ट्यात साठ वर्षे सोडवला जात आहे.

उघडे इंजिन, झाकलेले इंजिन

पेट्रोल जळून निघणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा चाक फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता असते. तिच्यातली बरीचशी धुरावाटे निघून जाते. पण जी सिलिंडरच्या भिंतीत शिरते ती बाहेर काढली नाही तर पिस्टन जाम होतो. मोटारसायकलीवर याचा साधा उपाय दिसतो. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स असतात. त्यांच्यामुळे हवेला टेकणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, आणि गाडी धावत असताना वारा आपोआप मिळतो.

१९७२ साली आलेल्या बजाज चेतक स्कूटरला हा उपाय पुरेसा नव्हता. तिचे इंजिन मागच्या चाकाजवळ, पत्र्याच्या कव्हराआड झाकलेले. तिथे वारा पोचणार कसा? म्हणून इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच पंख्याची पाती बसवलेली असत आणि पंख्यापासून सिलिंडरपर्यंत पत्र्याचे आच्छादन असे. पंखा फिरला की हवा इकडेतिकडे न पसरता थेट फिन्समधून जाई. हे आच्छादन सैल झाले किंवा फिन्समध्ये तेलकट धूळ बसली, तर पंखा उत्तम फिरत असूनही इंजिन तापे. पंखा किती जोरात फिरतो यापेक्षा त्याची हवा कुठून जाते हे जास्त महत्त्वाचे, हा धडा त्या काळच्या प्रत्येक मेकॅनिकला पाठ होता.

पाणी काय करते?

टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुण्याचा कारखाना १९६६ साली पिंपरी आणि चिंचवड येथे उभा राहू लागला. तेथून १९८६ साली '४०७' हा हलका ट्रक बाहेर पडला. ट्रकच्या इंजिनाची उष्णता फिन्सना पेलत नाही. तिथे पाणी लागते. समान आकारमानाचे पाणी आणि हवा घेऊन दोन्हींचे तापमान एक अंशाने वाढवले, तर पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते.

मात्र येथे एक गैरसमज होतो. पाणी उष्णता 'नष्ट' करत नाही. ते तिला अडचणीच्या जागेतून उचलते आणि रेडिएटरपर्यंत नेते. शेवटी ती हवेलाच द्यावी लागते, आणि त्यासाठी रेडिएटरवर पुन्हा फिन्स आणि पंखा असतातच. चाकणला तयार होणाऱ्या दुचाकींतही हे वळण दिसते. २००१ ची पल्सर हवेवर थंड होणारी होती. २०१२ साली आलेल्या केटीएम ड्यूक २०० आणि पल्सर २०० एनएस या गाड्यांच्या इंजिनाभोवती द्रव फिरू लागला. लहान इंजिनातून जास्त ताकद काढायची, तर उष्णतेची वाटही रुंद करावी लागते.

संगणकाचा तोच प्रवास

इंजिन निदान चौथा हिस्सा ऊर्जा कामाला लावते. संगणकाने घेतलेली वीज मात्र जवळजवळ सगळी उष्णतेतच संपते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळीत एक तापलेली तार. पण ती उष्णता मोठ्या कपाटभर पसरलेली होती. ट्रान्झिस्टर आले, मग हजारो ट्रान्झिस्टर एका चकतीवर मावू लागले, आणि एकेका ट्रान्झिस्टरची उष्णता घटली तरी जागा त्याहून वेगाने आटत गेली.

१९८९ साली आलेल्या '४८६' या मालिकेतल्या वेगवान चकत्यांवर फिन्सचा ठोकळा बसला. पुढे त्या ठोकळ्यावर पंखा आला. २००४ च्या सुमारास पेंटियम ४ ची चकती जेमतेम एक चौरस सेंटिमीटर जागेतून सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकत होती. घरातली ७५० वॉटची इस्त्री एवढ्याच जागेतून चार-पाच वॉट देते! त्याच वर्षी इंटेलने या वाटेवरची पुढची चकती रद्द केली आणि वेग वाढवत नेण्याऐवजी एका चकतीवर दोन गाभे बसवण्याकडे मोर्चा वळवला. महासंगणकही अखेर ट्रकच्या वाटेने गेले. पुण्याच्या 'आयसर'मध्ये २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म'ची उष्णता द्रवाच्या साह्याने थेट चकत्यांपासून वाहून नेली जाते.

लॅपटॉप म्हणजे झाकलेली स्कूटर

लॅपटॉपमध्ये चकती बंद डब्यात असते आणि फिन्सना तिच्या डोक्यावर जागा नसते. म्हणून उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून कडेच्या फिन्सपर्यंत नेतात. या नळीत थोडेसे पाणी असते. ते चकतीजवळ वाफ होते, थंड टोकाशी पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून परत झिरपते. माठाच्या बाहेर घडणारे बाष्पीभवन येथे बंद नळीत कामाला लावले आहे. या कल्पनेचे पेटंट जनरल मोटर्स या मोटार कंपनीतल्या गॉग्लर यांनी १९४२ साली मागितले होते. पुढे असतो छोटा पंखा. तो बहुधा तळाच्या फटींतून हवा ओढतो आणि कडेने बाहेर फेकतो.

म्हणजे ही एक साखळी आहे : चकती, तिच्यावरचा उष्णतावाहक लेप, नळी, फिन्स, पंखा, फटी आणि खोलीतली हवा. कूलिंग पॅड फक्त शेवटच्या एक-दोन कड्या सुधारते. लेप सुकला असेल किंवा फिन्समध्ये धुळीचा थर बसला असेल, तर पाच पंख्यांचे पॅडही फार काही करू शकत नाही. चार वर्षे वापरलेल्या लॅपटॉपची आधी सफाई करून घ्यावी.

त्यानंतर पॅड. पातळ कागदाची पट्टी फटींजवळ धरून पाहा. जिथे कागद ओढला जातो तिथून हवा आत शिरते. ती जागा तळाशी असेल तरच पॅडचा उपयोग, आणि पॅडचा पंखा नेमका त्या जागेखाली, वर फुंकणारा हवा. काही पॅड हवा खाली ओढतात. ती लॅपटॉपच्या पंख्याशी भांडत बसतात. एक मोठा, संथ पंखा अनेक छोट्या पंख्यांपेक्षा कमी आवाजात तेवढीच हवा देतो. पृष्ठभाग जाळीचा आणि मागून उंच असावा. साध्या यूएसबी जोडणीतून केवळ अडीच वॉट मिळतात, म्हणून जाहिरातीतल्या प्रचंड दाव्यांवर विसंबू नये. दिव्यांचा थंडाव्याशी संबंध नाही. विजेवर थेट गार होणारी पट्टी असलेले पॅड पावसाळ्यात टाळावे. दमट हवेतले पाणी तिच्यावर साचू शकते.

आणि पंखा हवेला गार करत नाही. मे महिन्यात वर्ग ३८ अंशांवर असेल, तर पॅड ३८ अंशांचीच हवा देणार. लॅपटॉप उन्हातून हलवणे, उशी किंवा रजईवर न ठेवणे, हे उपाय फुकट आहेत.

वर्गात करून पाहा

लॅपटॉपवर एकच चित्रफीत वीस मिनिटे चालवा. चकतीचे तापमान दाखवणाऱ्या मोफत प्रणालीवरून आकडा घ्या, त्यातून खोलीचे तापमान वजा करा. हे तीन प्रकारे करा : टेबलावर सपाट, मागच्या कडेखाली दोन खोडरबर ठेवून, आणि कोणाचे उसने मिळाले तर कूलिंग पॅडवर. दोन प्रयोगांच्या मध्ये यंत्र पूर्ण निवू द्या. दर वेळी तीन नोंदी घेऊन मुलांना सरासरी काढू द्या, पंख्याचा आवाज कधी बदलला तेही लिहू द्या. खोडरबर आणि पॅड यांच्या आकड्यांत फारसा फरक पडला नाही, तर शाळेचे पैसे वाचले. पडला, तर पॅड का घ्यायचे हे मुख्याध्यापकांना मुलेच आलेख काढून सांगतील.