नहरीचे मनोरे आणि डीपीचे डबे

शहराला पाणी लागते, वीज लागते, टेलिफोन लागतो. या सगळ्यांना रस्त्याच्या कडेला कुठेतरी उभे राहायला जागाही लागते. आपण त्यांच्याकडे बघत मात्र नाही. गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला तो राखाडी लोखंडी डबा आठवा, ज्याला आपण 'डीपी' म्हणतो. अंगावर कोचिंग क्लासची जाहिरात, कुणा दादांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि खाली पानाच्या पिचकाऱ्या. वीज गेली की सगळी गल्ली त्याच्याभोवती जमते. वीज आली की त्याला कुणी ओळखतही नाही.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराने १९९९ पासून सिग्नलच्या पेट्या नागरिकांकडून रंगवून घ्यायला सुरुवात केली. पुढे अनेक देशांत ही टूम पसरली. आपल्याकडेही असे व्हावे, असे तरुण मंडळी म्हणतात तेव्हा मला बरे वाटते आणि थोडी गंमतही वाटते. कारण रस्त्यावरच्या सोयीला रूप देण्याची गोष्ट या शहराला नवी नाही. ती जवळजवळ शहराइतकीच जुनी आहे.

हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. दरवाजा दिसतो, म्हणून तो आपल्या लक्षात राहतो. त्याचे मोठे काम मात्र जमिनीखाली आहे. डोंगरातले झिरपणारे पाणी भूमिगत नहरीने त्याने शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. ना पंप, ना वीज, नुसता उतार. वाटेत ठिकठिकाणी उभे मनोरे. त्यांत पाणी चढायचे, कोंडलेली हवा निघून जायची, दाब हलका व्हायचा आणि पाणी पुढे जायचे. विचार केला तर हे मनोरे म्हणजे त्या काळच्या डीपीच! पण दगड, विटा आणि चुन्यात नीट बांधलेल्या.

पाणचक्कीत तर ही कारागिरी कळसाला पोहोचली. १७४४ मध्ये तुर्कताज खानाने ती पूर्ण केली. लांब डोंगरातून मातीच्या नळांनी आलेले पाणी उंच भिंतीत चढते आणि तिथून हौदात कोसळते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्यांसाठी पीठ दळणे हे चक्कीचे काम. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत, म्हणून उन्हाळ्यात ते दालन गार. आपण तिकीट काढून जो धबधबा बघतो, तो मुळात पाणीपुरवठ्याचा एक भाग आहे. त्यावर शोभा अशी वेगळी चिकटवलेली नाही. बीबी-का-मकबऱ्यात दिलरस बानूच्या कबरीभोवतीची संगमरवरी जाळी पाहा. तिच्यातून वारा येतो, उजेड येतो आणि नक्षीही तीच. डीपीच्या दाराला ज्या फटी असतात, त्यांचेही काम वारा खेळवण्याचेच आहे, एवढे सांगून पुढे जातो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या शहरावर एकदम रंग चढला. २७ आणि २८ तारखेला जी-२० अंतर्गत महिलांच्या 'डब्ल्यू-२०' गटाची बैठक इथे होती. रस्त्याकडेच्या भिंतींवर चित्रे आली, दुभाजक उजळले. त्याआधी तीनच दिवस, २४ तारखेला, केंद्र सरकारने शहराच्या नामांतराला मंजुरी दिली होती. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. एकाच आठवड्यात रंगही नवा आणि नावही नवे! पाहुणे येणार म्हणून घर रंगवण्यात गैर काही नाही. आपण ईदला, दिवाळीला तेच करतो. पण पाहुण्यांसाठी दिलेला रंग पाहुण्यांच्या वाटेवरच असतो. आतल्या गल्लीतला डबा राखाडीच राहतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी ठरवले, आपली डीपी आपण रंगवायची. परवानगीचा अर्ज लिहायचे काम माझ्याकडे आले. कवीला मराठीत अर्ज तरी लिहिता येत असेल, असा त्यांचा समज. चित्र काय काढायचे यावर दोन बैठका झाल्या. कुणी म्हणाले अजिंठा, कुणी मकबरा, कुणी हिमरू शालीची वेलबुट्टी. गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. डब्यावर शहराचे नाव घालायचे का, आणि घालायचे तर कोणते? आवाज चढले. दोघे उठूनही गेले.

तेव्हा कोपऱ्यात बसलेले पेंटरचाचा बोलले. चाळीस वर्षे मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी पाट्या रंगवल्या त्यांनी. फ्लेक्स आला आणि त्यांचा ब्रश वाळला. सणासुदीला ट्रकच्या मागे दोन ओळी लिहितात, तेवढेच काम. ते म्हणाले, "पहले डिब्बे कू पूछो, तू करता क्या." मग त्यांनी हिशेब मांडला. फटी बुजवायच्या नाहीत, नाहीतर आत गरमी कोंडेल. गडद रंग नको, आपल्या मे महिन्यात लोखंड तापते. आधी गंज घासून काढायचा, प्रायमर मारायचा. धोक्याची कवटी आणि कुलूप उघडेच ठेवायचे. नावाचे विचारले तर म्हणाले, "नाम रहने दो. नहर निकालेंगे."

अर्जाला मी त्यांच्या हातचे कच्चे चित्र जोडले आहे. वर डोंगर, मग मनोरा, मनोऱ्यातून उतरणारी निळी रेघ आणि ती रेघ खाली तारेसारखी घराघरात शिरलेली. दारावरच्या फटी त्यांनी जाळीच्या नक्षीत बसवल्या आहेत. डीपीचा नंबर तेवढा पिवळ्यावर काळ्याने आहे, रात्री वायरमनला टॉर्चच्या उजेडात लांबून वाचता येईल एवढा मोठा.