पुण्याची थंडी : हौशी निरीक्षण आणि दीर्घकालीन अंदाज

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात किमान तापमानाच्या नोंदी ठेवणारी, हवामानाचे नकाशे वाचणारी आणि थंडीचा कडाका कधी येईल याचा आठवडा-दोन आठवडे आधीच माग काढू पाहणारी पुणे शहरातील हौशी मंडळी, आणि ज्या अंदाजांवर त्यांची भिस्त असते ते अंदाज, हा या नोंदीचा विषय. या मंडळींत निवृत्त शिक्षक, अभियंते, भूगोलाचे विद्यार्थी, गिर्यारोहक आणि गावाकडे द्राक्षबाग असलेले नोकरदार असे सगळे येतात. पुण्यात बर्फ पडत नाही. तरीही डिसेंबर लागला की त्यांचे लक्ष काश्मीर आणि हिमाचलातल्या बर्फवृष्टीकडे असते, कारण पुण्याच्या थंडीची सुरुवात बहुतेक वेळा तिकडेच होते.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठाराच्या पश्चिम कडेला आहे. डिसेंबर-जानेवारीत शिवाजीनगर वेधशाळेतले सरासरी किमान तापमान ११ ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि दुपारचा पारा २९-३० अंशांपर्यंत चढतो. हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्री भराभर उष्णता गमावते आणि पहाटे हुडहुडी भरते. शहराचा नीचांक १.७ अंशांचा असून तो १७ जानेवारी १९३५ रोजी नोंदला गेला. डिसेंबर २०१८च्या अखेरीस पारा सहा अंशांखाली उतरला होता, तो हिवाळा अनेकांच्या स्मरणात आहे.

या आकड्यांकडे पाहताना एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात थंडीची लाट म्हणायची, तर किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवे आणि शिवाय ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी हवे. किंवा मग पारा थेट ४ अंशांपर्यंत उतरायला हवा. पुण्याची सरासरी ११ धरली, तर लाटेची हद्द साडेसहा अंशांच्या आसपास येते. आठ-नऊ अंशांची सकाळ बोचरी असते, पण ती लाट नव्हे. नोंदवही ठेवणारा माणूस हा फरक पाळतो आणि मथळे वाचून घाबरलेल्या शेजाऱ्यांना तो समजावूनही सांगतो.

शहरात एकच थंडी नसते. शिवाजीनगर, पाषाण, एनडीए आणि हवेली इथल्या केंद्रांवर पारा एक अंकी असताना मगरपट्टा, कोरेगाव पार्क किंवा लोहगावला तो पाच-सहा अंशांनी वर असू शकतो. थंड हवा जड असते. ती टेकड्यांच्या उतारावरून घरंगळत सखल भागात आणि नदीकाठाला साठते. उलट काँक्रीट आणि डांबर दिवसा तापतात आणि रात्रभर ती ऊब सोडत राहतात. शहर पूर्वेला पसरत गेले तसा हा फरक ठळक झाला. म्हणूनच ‘पुण्याचे तापमान’ म्हणून सांगितलेला एकच आकडा पुरेसा नसतो. कुठल्या केंद्राचा, हे विचारावेच लागते. हौशी निरीक्षकांचे खरे काम इथेच आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संगणकी प्रारूपे खंडांचा विचार करतात, पण सोसायटीमागच्या नाल्यात पहाटे किती गारठा साठतो हे तिथे राहणाऱ्यानेच मोजायचे असते.

थंडी येते ती अशी. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या बाजूने पश्चिमी झंझावात (विक्षोभ) इराण-अफगाणिस्तानवरून पूर्वेकडे सरकतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा झंझावात येतात. ते हिमालयात बर्फ आणि पंजाब-हरियाणात पाऊस देतात. झंझावात पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थान आणि मध्य प्रदेशावरून खाली उतरतात, आधी खानदेश आणि नाशिकला आणि मग दोन-तीन दिवसांत पुण्याला पोहोचतात. ‘सायबेरियातून थंडी आली’ हे वाक्य दरवर्षी ऐकू येते. पण हिमालयाची भिंत मध्य आशियातली अतिथंड हवा थेट इकडे येऊ देत नाही. आपल्याकडचा गारवा येतो तो वायव्येच्या दाराने.

हा गारवा मोडतो बहुधा बंगालच्या उपसागरामुळे. तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ तयार झाले की आग्नेयेचे दमट वारे पठारावर येतात, ढग दाटतात आणि किमान तापमान एका रात्रीत पाच-सहा अंशांनी चढते. ढग पांघरुणाचे काम करतात, जमिनीची उष्णता वर निसटू देत नाहीत. दिल्लीत कडाका आणि पुण्यात उकाडा असे चित्र डिसेंबरात कधी कधी दिसते, ते यामुळे. म्हणून अनुभवी निरीक्षक उत्तरेच्या नकाशाइतकाच चेन्नईकडचाही नकाशा पाहतो.

अंदाजाच्या पायऱ्या तीन. पहिली, चार-पाच दिवसांची, आज बरीच भरवशाची आहे. दुसरी दोन ते चार आठवड्यांची. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम, स्थापना १९६२) ही पद्धत विकसित झाली आणि आता हवामान विभाग दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज देतो. यात एकच उत्तर नसते. सुरुवातीच्या स्थितीत बारीक बदल करून तेच प्रारूप अनेकदा चालवतात आणि किती वेळा काय निघाले यावरून शक्यता काढतात. दोन आठवड्यांपलीकडे ‘अमुक तारखेला सात अंश’ असे कुणी सांगत असेल, तर ते शास्त्र नव्हे. वातावरणाची स्मृतीच तेवढी नसते. त्यापुढे हाती लागतो तो फक्त कल, म्हणजे आठवड्याचे किमान तापमान सरासरीच्या वर राहील की खाली.

तिसरी पायरी हंगामाची. डिसेंबर ते फेब्रुवारीचा तापमान अंदाज विभाग नोव्हेंबर संपताना प्रसिद्ध करतो. हा उपक्रम २०१६च्या हिवाळ्यापासूनचा. इथे आधार असतो महासागरांचा, कारण पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. ‘ला निनाचे वर्ष आहे, यंदा गारठणार’ हा समज पुण्यात घट्ट बसला आहे. ला निना म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा गार असणे, आणि एल निनो म्हणजे ते उबदार असणे. ला निनाचा देशाच्या तापमानाशी काही संबंध आहे हे खरे, पण एका शहराची पहाट त्यावरून ठरत नाही. डिसेंबर २०१८चा कडाका आला तेव्हा प्रशांत महासागर ला निनाकडे नव्हे, तर सौम्य एल निनोकडे झुकलेला होता. हंगामी सरासरी उबदार असलेल्या वर्षातही चार-पाच दिवसांचा कडाका येऊन जाऊ शकतो, आणि लोकांच्या लक्षात राहतात ते तेच दिवस.

आयआयटीएममध्ये २०१८ साली ‘प्रत्यूष’ आणि २०२४ साली ‘अर्का’ हे महासंगणक आले. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या जाळीवर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. सहा किलोमीटरची जाळी म्हणजेही पाषाण आणि शिवाजीनगर जवळजवळ एकाच चौकटीत. मोबाइलवर दिसणारे ‘आत्ताचे तापमान’ अनेकदा अशा चौकटीचे गणित असते, मोजलेला आकडा नसतो. ही गोष्ट नवख्यांना पहिल्या आठवड्यातच सांगायला हवी.

मोजायचे कसे, हे शिवाजीनगरच्या वेधशाळेत पाहण्यासारखे आहे. पांढऱ्या रंगाची, चारही बाजूंनी झडपांची लाकडी पेटी माणसाच्या छातीच्या उंचीवर उभी असते. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. आत किमान तापमापक आडवा ठेवलेला असतो. त्याच्या नळीत पारा नसून अल्कोहोल असते आणि त्यात बुडालेली एक इवलीशी काळी काडी असते. गारवा वाढला की द्रव आक्रसतो आणि त्याचा वाकडा पृष्ठभाग काडीला फुग्याकडे ओढत नेतो. पुन्हा ऊन झाले की द्रव काडीला ओलांडून पुढे जातो, काडी मात्र तिथेच राहते. फुग्यापासून दूर असलेले तिचे टोक म्हणजे रात्रीचा नीचांक. सकाळी साडेआठला तो वाचायचा, मग नळी तिरपी करून काडी द्रवाच्या टोकाशी आणायची. घरी मोजणाऱ्यांची बहुतेक चूक जागेची होते. गॅलरीच्या भिंतीला टांगलेला तापमापक हवेचे नव्हे, तर दिवसभर तापलेल्या भिंतीचे तापमान सांगतो. दरवर्षी २३ मार्चला, जागतिक हवामान दिनी, वेधशाळा लोकांना पाहण्यासाठी खुली असते.

पुण्यातल्या हवामानप्रेमाचे मूळ या वेधशाळेतच आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले आणि १९४४ साली दिल्लीला गेले, तरी हवामानशास्त्राचे मोठे काम इथेच राहिले. त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. उपकरणशास्त्रज्ञ ॲना मणी यांनी १९४८ साली विभागातले काम सुरू केले ते इथेच.

महाराष्ट्रात बर्फवृष्टी होत नाही. दरवर्षी छायाचित्रांत दिसते ते महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठचे आणि लिंगमळा परिसरातले गोठलेले दव. तिथल्या वेधशाळेत त्याच पहाटे आठ-दहा अंशांची नोंद असते आणि लोक एकमेकांना खोटे पाडू लागतात. दोन्ही बाजू खऱ्या असतात. गवताचे पाते, बोटीच्या धक्क्याच्या फळ्या, गाडीचे टप हे आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी गार होतात, शिवाय तलावाच्या खोलगट भागात थंड हवा साठलेली असते. वेधशाळा मोजते ते पेटीतल्या हवेचे तापमान. शेते पांढरीफटक करणारी गारपीट हा प्रकार पुन्हा वेगळा, उंच वाढलेल्या ढगातला. फेब्रुवारी-मार्च २०१४च्या गारपिटीने मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात पिके झोपवली. त्या पांढऱ्या रानांना ‘महाराष्ट्राचे काश्मीर’ म्हणणे शेतकऱ्याच्या जखमेवर मीठ चोळणे आहे.

थंडीचा अंदाज हा काहींचा छंद असला, तरी काहींचा तो वर्षाचा हिशेब असतो. गहू आणि हरभऱ्याला गारवा मानवतो. गव्हाला फुटवे चांगले येतात. पण निफाड, दिंडोरी किंवा जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागेत पारा चार-पाच अंशांवर आला की मण्यांची फुगवण थांबते आणि मणी तडकतात. बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करून जमिनीत ऊब धरतात. दोन दिवस आधी कळले तर सरपण जमवता येते, मजूर सांगता येतात. शहरात पूर्वी शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हा शाली, ब्लँकेटे घेऊन मंडपात बसणाऱ्या रसिकांनाही हा अंदाज हवा असे. आता उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या हिवाळी पदभ्रमंतीला निघालेले तरुण झंझावाताची तारीख पाहून रेल्वेचे तिकीट काढतात.

‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे म्हणतात, पण बर्फाचा हिशेब होळीनंतरही चालू राहतो. हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली हिमालयातल्या बर्फाचा पुढच्या पावसाळ्याशी असलेला संबंध मांडला आणि १८८६ साली त्यावर आधारलेला मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाज दिला. त्यामागचा विचार सोपा होता. हिवाळ्यात बर्फ जास्त साचले की ते वितळवण्यात उन्हाळ्याची बरीच उष्णता खर्च होते, जमीन उशिरा तापते आणि पाऊस कमी पडण्याकडे कल राहतो. पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ साली आलेल्या सोळा घटकांच्या प्रारूपात हिमालय आणि युरेशियातले बर्फाचे आच्छादन हे दोन्ही घटक होते. २००२च्या दुष्काळाचा वेध त्या प्रारूपाला घेता आला नाही आणि पुढच्याच वर्षी ते बदलले. आज मुख्य भार समुद्र आणि वातावरण एकत्र जोडून चालवलेल्या प्रारूपांवर आहे, पण युरेशियातल्या बर्फाची नोंद हंगामी अंदाज करणारे अजूनही पाहतात. पुण्यातली थंडीची वही ठेवणारी हौशी मंडळीही फेब्रुवारी सरल्यावर तिच्याच पुढच्या पानावर मार्च-मेच्या उन्हाळी अंदाजाचे आणि एप्रिलमध्ये येणाऱ्या पावसाच्या पहिल्या अंदाजाचे आकडे लिहायला घेतात.