हिस्लॉप : एका आडनांवाची कुळकथा

धर्मग्रामाच्या महोत्सवाचा अंक निघतो तेव्हां त्यांत धर्मगुरूंनीं इतिहासपर कांहीं लिहावें, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो पाळतांना आम्हीं या खेपेस एक लहानसाच विषय निवडला आहे. आडनांव ही मनुष्यास जन्मतःच फुकट मिळणारी वस्तु होय. ती कोणी निवडून घेत नाहीं. तरीहि आडनांव ऐकतांच आपण समोरच्या माणसाची जात, त्याचा गांव, त्याचा स्वभावसुद्धां ठरवून मोकळे होतों. आडनांव खरोखर किती सांगतें व किती सांगत नाहीं, हें पाहण्यासाठीं आम्हीं एक परकें, परंतु नागपूरकरांच्या अगदीं घरचें झालेलें आडनांव घेतलें आहे. तें म्हणजे ‘हिस्लॉप’.

नागपुरांत हें नांव ठाऊक नाहीं असा मनुष्य विरळा. सन १८८३ मध्यें स्थापन झालेलें हिस्लॉप कॉलेज हें या शहरांतील सर्वांत जुनें कॉलेज होय. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील व आजोबा तेथेंच शिकले असतील. परंतु हिस्लॉप या शब्दाचा अर्थ काय, हीं माणसें मूळचीं कोठलीं, व हें नांव जगांत कोठवर पसरलें, हा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

आपल्याकडे बोरगांवचा तो बोरगांवकर व पिंपळगांवचा तो पिंपळगांवकर. झाडावरून गांवास नांव पडलें आणि गांवावरून माणसास. हिस्लॉप हें नांवहि याच रीतीनें झालेलें आहे. जुन्या इंग्रजी भाषेंत ‘हॅसेल’ म्हणजे हेझलचें झुडूप. त्याचीं कवचीचीं फळें फोडून खातात. ‘हॉप’ म्हणजे डोंगराच्या कुशींत शिरलेलें, तिन्ही बाजूंनीं बंद असें चिंचोळें खोरें. म्हणून हिस्लॉप म्हणजे हेझलच्या खोऱ्यांत राहणारा. इंग्लंडच्या उत्तरेस व स्कॉटलंडच्या दक्षिणेस हा ‘हॉप’ शब्द गांवांच्या नांवांत वारंवार आढळतो. स्टॅनहोप म्हणजे दगडी खोरें, हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण.

या नांवाचीं तीन रूपें आहेत आणि प्रत्येक रूपाचा मुलूख निराळा आहे. इंग्लंडच्या बाजूस, नॉर्थंबरलंड व डरहॅम या परगण्यांत, तें ‘हेस्लॉप’ होतें. नॉर्थंबरलंडच्या बोलीचा कोश १८९० नंतरच्या दशकांत सिद्ध करणारे रिचर्ड ऑलिव्हर हेस्लॉप हे न्यूकॅसलचे रहिवासी. चेव्हियटच्या टेकड्या ओलांडून ट्वीड नदीच्या खोऱ्यांत व एडिंबरोकडे गेलें, कीं त्याचें ‘हिस्लॉप’ होतें. पश्चिमेस डम्फ्रीज व एअर या भागांत तेंच नांव ‘आय’च्या जागीं ‘वाय’ अक्षर घालून लिहितात. डम्फ्रीजकडील कवि जेम्स हिस्लॉप (१७९८–१८२७) हा या तिसऱ्या शाखेचा. सबंध ब्रिटन बेटाचा विचार केला, तर हें नांव मोजक्याच घराण्यांचें. परंतु या सीमाप्रांतांत तें घरोघर ओळखीचें.

एकाच नांवाचीं तीन रूपें कशीं झालीं? लिहिणाऱ्याच्या कानामुळें! सामान्य मनुष्यास अक्षरओळख नव्हती. तो आपलें नांव उच्चारी आणि धर्मग्रामाचा नोंदवहीवाला जसें ऐकूं येईल तसें उतरून घेई. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या सूचनांच्या नोंदी ठेवाव्या, असा ठराव स्कॉटलंडच्या कॅथलिक धर्मसभेनें १५५२ मध्यें केला. त्या देशांत उपलब्ध असलेली सर्वांत जुनी नोंदवही एरोल गांवची असून ती १५५३ पासून सुरू होते. पुढें दहा वर्षांनीं, १५६३ मध्यें, ट्रेंटच्या परिषदेनें सर्व ख्रिस्तसभेंत धर्मगुरूंवर विवाहाची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी घातली. एखाद्या लेखकाच्या लेखणीची एक फिरत एका घराण्याचें नांव शतकानुशतकें बदलूं शकते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां नागपूरच्या हिस्लॉपांच्या गांवीं जाऊं. ट्वीडच्या उत्तरेस बेरिकशर परगण्यांत डन्स नांवाचा लहानसा कसबा आहे. आपणां कॅथलिकांस हा गांव अपरिचित नसावा. फ्रान्सिस्कन संघाचे महापंडित जॉन डन्स स्कोटस यांचा जन्म सुमारें १२६६ मध्यें याच गांवीं झाला, अशी परंपरा आहे. पवित्र मरिया निष्कलंक गर्भसंभवा आहे, या मताचें त्यांनीं मोठ्या युक्तिवादानें मंडन केलें. तेंच मत १८५४ मध्यें परमगुरुस्वामी नववे पायस यांनीं श्रद्धासिद्धान्त म्हणून घोषित केलें. आणि १९९३ मध्यें स्कोटस यांस धन्यवादित ही पदवी मिळाली. परंतु नांवाचें दैव कसें विचित्र! पुढील काळांतील विरोधकांनीं त्यांच्या अनुयायांस ‘डन्स’ म्हणून हिणविलें, व आज इंग्रजींत ‘डन्स’ म्हणजे मठ्ठ विद्यार्थी. ज्यास ख्रिस्तसभेनें सूक्ष्मबुद्धीचा आचार्य म्हटलें, त्याच्याच नांवाची ही गत झाली.

याच डन्स गांवीं स्टीफन हिस्लॉप नांवाचा गवंडी राहत असे. त्याच्या दोन मुलांचीं नांवें जगास ठाऊक झालीं. थोरला अलेक्झांडर, जन्म १८०७. धाकटा स्टीफन, जन्म ८ सप्टेंबर १८१७. दोघेहि फ्री चर्चचे सेवक झाले. अलेक्झांडर आर्ब्रोथ गांवीं उपदेशक होता. त्यानें १८५३ मध्यें ‘दोन बाबिलोन’ या अर्थाच्या नांवाची एक पुस्तिका छापली व १८५८ मध्यें तिचा मोठा ग्रंथ केला. रोमन कॅथलिक उपासना ही निम्रोद व त्याची बायको यांची जुनी मूर्तिपूजाच होय, असा त्याचा आरोप. पुरावा काय? तर बहुतेक ठिकाणीं शब्दांचें व चिन्हांचें वरवरचें साम्य! ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीवरील ‘आय एच एस’ हीं अक्षरें म्हणजे इसिस, होरस व सेब हे मिसरी देव, असें तो सांगतो. वस्तुतः तीं ग्रीक लिपींतील येशूच्या नांवाचीं पहिलीं तीन अक्षरें आहेत. या ग्रंथाच्या आधारें १९६६ मध्यें पुस्तक लिहिणारे अमेरिकेंतील प्रॉटेस्टंट प्रचारक राल्फ वुड्रो यांनीं मूळ आधार तपासल्यावर आपलें तें पुस्तक मागें घेतलें आणि १९९७ मध्यें त्याचें खंडन करणारें दुसरें पुस्तक लिहिलें. हा त्यांचा प्रामाणिकपणा स्तुत्य आहे. नांवें सारखीं म्हणून वस्तु सारखी, ही समजूत किती घातक असते, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

हाच न्याय हिस्लॉप या नांवासहि लावला पाहिजे. कारण धाकट्या स्टीफनच्या जन्माच्याच वर्षीं, १८१७ मध्यें, हें नांव महाराष्ट्रांत प्रथम गाजलें तें तलवारीमुळें. सर थॉमस हिस्लॉप (१७६४–१८४३) हे मद्रासचे सरसेनापति व इंग्रजांच्या दख्खनच्या फौजेचे मुख्य होते. त्याच फौजेच्या डोव्हटन यांच्या हाताखालील तुकडीनें सीताबर्डीच्या लढाईनंतर डिसेंबर १८१७ मध्यें भोसल्यांचें नागपूर घेतलें. खुद्द सर थॉमस यांनीं २१ डिसेंबरला महिदपुरास होळकरांच्या सैन्याचा पराभव केला. पुढें फेब्रुवारी १८१८ मध्यें तापीकांठच्या थाळनेर किल्ल्यावर त्यांनीं किल्लेदारास फांशीं दिलें व आंतील शिबंदीची कत्तल झाली. या कृत्याबद्दल विलायतेच्या पार्लमेंटांतहि आक्षेप निघाले. खानदेशांतील माणसास हिस्लॉप म्हणजे थाळनेरची कत्तल, व नागपूरच्या माणसास हिस्लॉप म्हणजे विद्यालय. नांव एकच, पण आठवण केवढी वेगळी!

सर थॉमस यांस पुत्र नव्हता, म्हणून त्यांची बॅरोनेटची पदवी त्यांच्याबरोबर संपली. परंतु त्यांची कन्या एम्मा मिंटोच्या घराण्यांत दिली गेली व तिचा पुत्र म्हणजेच १९०५ ते १९१० पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड मिंटो. मुलीच्या वंशांत आडनांव लोपतें, रक्त लोपत नाहीं. आपल्या घराण्याचा इतिहास सांगतांना आईकडचा अर्धा भाग आपण बहुधा गाळतों, याची यावरून आठवण व्हावी.

समुद्रापलीकडे हें नांव कोठवर गेलें, तें थोडक्यांत सांगतों. स्कॉटिश लोकांनीं न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतांत १८४८ मध्यें वसाहत केली. तेथें १८५६ मध्यें गेलेल्या जॉन हिस्लॉप या शिक्षकानें त्या देशाच्या शिक्षणखात्याची घडी बसविली. त्याचा पुत्र व नातू हे दोघेहि वेलिंग्टन शहराचे नगराध्यक्ष झाले. वेस्ट इंडीज बेटांतहि हें नांव आढळतें. गुलामगिरीच्या काळांत तेथें मळेवाल्यांचीं व अधिकाऱ्यांचीं आडनांवें आफ्रिकेंतून आणलेल्या लोकांस चिकटलीं. गुलामगिरी १८३४ मध्यें कायद्यानें उठली, परंतु नांवें राहिलीं. सर थॉमस हे १८०३ ते १८११ पर्यंत त्रिनिदादचे गव्हर्नर होते; आणि त्याच त्रिनिदादच्या चमूचा गोलरक्षक शाका हिस्लॉप यानें २००६ च्या फुटबॉल विश्वचषकांत स्वीडनला एकहि गोल करूं दिला नाहीं. यावरून त्या दोघांचें नातें जोडण्याचें कारण नाहीं. नांव प्रवास करतें, तेव्हां तें मूळच्या मालकाचें राहत नाहीं, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

आतां आपल्या स्टीफन हिस्लॉप यांच्याकडे वळूं. ते १८४४ च्या अखेरीस मुंबईस उतरले व १८४५ मध्यें नागपुरास आले. त्या वेळीं येथें तिसरे रघूजी भोसले राज्य करीत होते. हिस्लॉप यांनीं १८४६ मध्यें शाळा काढली. शिकविण्यांतून वेळ उरला, कीं गवंड्याचा हा मुलगा हातोडी घेऊन रानांत जाई. आज आपण ज्या भागास सेमिनरी हिल्स म्हणतों, त्याच बाजूच्या टाकळीस त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना दगडांत रूपांतर पावलेलीं फळें, बिया व किडे सांपडले. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्यांत ते गाडले गेले होते. या दोघांनीं नागपूरच्या भूस्तरांवर लिहिलेला निबंध १८५५ मध्यें लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झाला. एका हिरवट खनिजास १८५९ मध्यें ‘हिस्लॉपाइट’ असें नांव मिळालें. आणि गोड्या पाण्यांतील एका सूक्ष्म प्राणिजातीस त्याच्या आदल्या वर्षीं ‘हिस्लॉपिया’ म्हटलें गेलें. हेझलच्या खोऱ्याचें नांव अशा रीतीनें नागपूरच्या दगडास व पाण्यासहि लागलें.

गोंड लोकांची भाषा, चालीरीति व लिंगोचें गीत हींहि त्यांनीं आस्थेनें टिपून घेतलीं. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचीं प्राचीन शिळावर्तुळें पाहून परततांना पुराच्या पाण्यांत बुडून त्यांचा अंत झाला. सेहेचाळिसावा वाढदिवस अवघा चार दिवसांवर आला होता. त्यांचीं गोंडांविषयींचीं टिपणें सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें छापून प्रसिद्ध केलीं, म्हणून तीं आज आपणांस वाचावयास मिळतात.

कोणी म्हणेल, हा तर प्रॉटेस्टंट पाद्री. शिवाय याच्या सख्ख्या भावानें आपल्या पवित्र मिस्सेची निंदा केली. मग आपल्या अंकांत त्याची कीर्ति कशाला? आमचें उत्तर असें, कीं भावाच्या ग्रंथाचा दोष भावाच्या पदरीं बांधणें म्हणजे त्या ग्रंथाचीच चूक पुन्हां करणें होय. विभक्त बंधूंमध्यें जें खरोखर ख्रिस्ताचें आहे, तें आनंदानें मान्य करावें, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ मध्यें आपणांस शिकविलें आहे. एकाच कुळाच्या नांवाखालीं सेनापतीची तलवार, भावाची विखारी लेखणी व गुरुजींची हातोडी नांदली. आडनांवानें यांपैकीं काय घडविलें? कांहीं नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या कृतीनें त्या नांवांत आपापला अर्थ भरला.

प्रिय धर्मग्रामस्थहो, आपल्या मंडळींतहि नाना प्रांतांचीं आडनांवें आहेत. कोणाचें गोव्याचें, कोणाचें वसईचें, कोणाचें तामिळ वा तेलुगु मुलखांतून कामठीच्या छावणीबरोबर आलेलें, तर कोणाचें याच वऱ्हाड-नागपूरच्या मातींतलें. कोणतें उच्च व कोणतें नीच, हा वाद आपल्या अंगणांत नसावा. वडीलधाऱ्यांस, विशेषतः आज्यांस, त्यांचें माहेरचें नांव व मूळ गांव विचारून लिहून ठेवा. बाळास बाप्तिस्म्यास आणाल तेव्हां नांव नीट सांगा, व लिहिलेलें एकदां वाचून पाहा. तेवढी खबरदारी आम्हीहि घेऊं. आणि त्या आडनांवापुढें पुढील पिढीनें काय वाचावें, तें मात्र आपल्याच हातीं आहे. परमेश्वर आपणां सर्वांस तें चांगलें लिहिण्याची कृपा देवो.